अक्कांची तीन डाळिंबं आणि पुसलेली नावं: सोलापुरातल्या एका बागेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सोलापूर शहराच्या दक्षिण अंगाच्या एका वसाहतीतल्या बागेचं आहे. मी त्या बागेत पहिल्या दिवसापासून आहे. माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. बागेत आम्ही एकमेकांना ज्या नात्यानं हाक मारतो, तीच नाती इथे ठेवली आहेत.

वसाहतीचा अडीच गुंठ्यांचा मोकळा प्लॉट वेड्या बाभळीनं भरून गेला होता. २०२१ च्या पावसाळ्यात सहा घरांनी मिळून तो साफ केला आणि बाग धरली. झाडं विकत थोडी आणली, मागून जास्त आणली. कुणाच्या माहेरची अबोली, कुणाच्या शेतावरचा कढीपत्ता, मंगळवेढ्याच्या पाहुण्यांकडून आलेलं घेवड्याचं बी. दोन वर्षांत जमिनीतली झाडं, कुंड्या आणि रंगाच्या रिकाम्या बादल्या मिळून आकडा पावणेदोनशेच्या घरात गेला.

अक्का आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या. त्यांचे आजोबा जुन्या गिरणीत कामाला होते, माहेर पूर्व भागात, घरात बोली तेलुगू. माहेरच्या अंगणात एक जुनं गावरान डाळिंब होतं. फळाची साल पिवळट-गुलाबी, दाणे फिके, बी कडक आणि चव आंबटगोड. बाजारात असं फळ कुणी घेणार नाही, पण अक्कांच्या चार बहिणींची बाळंतपणं त्या झाडाच्या सालीच्या काढ्यावर आणि फळांवर झाली, असं त्या सांगतात. २०२२ मध्ये भावांनी घर पाडून नवं बांधायचं ठरवलं. झाड जाणार हे कळल्यावर त्या पावसाळ्यात आम्ही जाऊन पाच गुट्या बांधल्या, म्हणजे फांद्यांना झाडावरच मुळं फुटवून कलमं केली. तीन जगल्या. दिवाळीनंतर झाड तोडलं गेलं.

त्याच सुमारास रोपवाटिकेतून भगव्याची आठ रोपंही आणली होती. भगवा हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा वाण. साल केशरी-लाल, दाणे गडद लाल, बी मऊ. आमच्या जिल्ह्यात डाळिंब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हाच येतो. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून इथे डाळिंबाकडे लोक वाण विचारूनच बघतात. पण फूल-फळ येईपर्यंत बादलीतल्या हातभर उंचीच्या रोपाचा वाण आमच्यासारख्या घरच्या माणसांना ओळखता येत नाही.

म्हणजे अकरा बादल्या, त्यातल्या तीन अक्कांच्या. प्रत्येकीत पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी खोचली होती आणि पट्टीवर परमनंट मार्करनं नाव लिहिलं होतं.

काय बिघडलं

मे २०२३ मध्ये पारा ४२-४३ अंशांवर गेला. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येत होतं, बाकी मदार बोअरच्या खारट पाण्यावर. कोवळ्या झाडांना जपण्यासाठी आम्ही सगळ्या बादल्या उचलून हिरव्या जाळीखाली एकत्र नेल्या. कोणती कुठे होती हे कुणी लिहून ठेवलं नाही. पट्ट्या आहेतच की, असं प्रत्येकाला वाटलं.

जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर बादल्या परत मांडायला घेतल्या, तेव्हा पट्ट्या कोऱ्या होत्या. पुसट सुद्धा नव्हत्या, कोऱ्या. काही हातात घेताच तडकल्या.

मार्करवर 'परमनंट' लिहिलेलं असतं ते पाण्याच्या हिशेबानं. शाई धुतली जात नाही हे खरं, पण तिच्यातला रंग उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटत जातो. सोलापूरच्या उन्हात तो दोन-तीन महिने टिकला तरी खूप. स्वस्त प्लास्टिकही त्याच किरणांनी ठिसूळ होतं. हे सगळं आम्हाला नंतर समजलं.

हळदीकुंकवाचं वाण

या प्रकरणातला सगळ्यात वाईट निर्णय इथे झाला, आणि त्यात मीही होते.

नावं गेली आहेत हे जूनमध्ये कळलं होतं. तेव्हा आम्ही म्हटलं, फळ आल्यावर कळेलच. बाकी झाडांची नावं आठवणीनं पुन्हा लिहिली, तीसुद्धा त्याच मार्करनं. जानेवारी २०२४ मध्ये, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा चालू असताना, वसाहतीतलं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. वाण म्हणून रोपं द्यायची कल्पना सगळ्यांना आवडली. तुळशी दिल्या, कोरफड दिली आणि चार घरांना डाळिंबाच्या बादल्याही दिल्या. भगवा म्हणून दिल्या.

बायका निघून गेल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता अक्कांनी वहिनींना विचारलं, "अगं, त्या चारात माझं तर नाही ना गेलं?"

वहिनींकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. अक्का पुढे काही बोलल्या नाहीत, पण दोन आठवडे त्या बागेत आल्या नाहीत.

दिलेलं वाण परत मागणं कुणाच्याच मनाला पटत नव्हतं. तरी त्याच आठवड्यात चारही घरी जाऊन 'फळ आलं की रंग सांगा' एवढं सांगून ठेवायला हवं होतं. आम्ही संकोच केला आणि ते मार्चमध्ये सांगितलं.

मातीखालची अक्षरं

उरलेल्या सात बादल्यांच्या पट्ट्या फेकायच्या आधी सरांनी त्या एकेक करून उपसल्या. सर निवृत्त चित्रकला शिक्षक, कुठलीही वस्तू टाकण्याआधी उलटून बघण्याची त्यांना सवय आहे. चौथ्या की पाचव्या पट्टीवर त्यांनी आम्हाला हाक मारली.

पट्टीचा वरचा भाग कोरा होता. मातीच्या रेषेच्या खाली मात्र, चिखल अंगठ्यानं पुसल्यावर, काळी कुळकुळीत तीन अक्षरं दिसली: 'गण'च्या आधी अर्धवट 'अं'. ज्या दिवशी पट्ट्या लिहिल्या त्या दिवशी 'अक्का अंगण' हे नाव मोठ्या अक्षरात उभं लिहिलं गेलं होतं आणि शेपटाकडचा भाग मातीत गेला होता. मातीत ऊन पोचत नाही, म्हणून शाई जशीच्या तशी राहिली होती.

अक्कांना बोलावून आणलं. त्यांनी पट्टी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि पदराला पुसून परत दिली. अकरातली एक बादली अशी नक्की झाली. बाकीच्या पट्ट्यांवर नाव वरच्या वर संपलेलं होतं, त्यामुळे तिथे काही मिळालं नाही.

दुसरं काहीच हाताशी नसेल तर ही युक्ती प्रत्येकानं वापरावी, असं मला मनापासून वाटतं. तेच नाव पट्टीच्या मातीत जाणाऱ्या टोकालाही लिहावं. फुकटात दुसरी प्रत होते.

कोणते पर्याय पाहिले

आमच्या अटी साध्या होत्या. किमान पाच वर्षं वाचता यावं, एका लेबलाला पाच रुपयांहून जास्त पडू नये, आणि कुणाही घरच्या माणसाला बनवता यावं.

वहिनींची मुलगी कॉलेजात शिकते, तिनं क्यूआर कोड सुचवला. फोन लावला की झाडाची सगळी माहिती समोर. कल्पना चांगली होती, पण कोड छापायचा कशावर, हा मूळ प्रश्न तिथल्या तिथे राहत होता. शिवाय अक्का आणि माळीमामा फोन काढून झाड वाचणार नाहीत. तो पर्याय मागे पडला.

बाकी सुचलेल्या गोष्टी घरात किंवा आसपास मिळणाऱ्याच होत्या. आइस्क्रीमच्या काड्या, लॅमिनेट केलेला कागद, दह्याच्या डब्याच्या पट्ट्या, थंड पेयाच्या डब्याचा पत्रा, फुटक्या माठाच्या खापऱ्या, शहाबादी फरशीचे तुकडे. शहाबादी आमच्याकडे घराघरात असते, त्यामुळे बांधकामावर तुकडे कुणीही देतं.

ऑफसेट प्लेटची कल्पना सरांची. छापखान्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची प्लेट एका कामाला वापरतात आणि मग ती भंगारात जाते. पत्रा साधारण ०.३ मिलिमीटरचा, मजबूत कात्रीनं कापता येतो. अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं ऑक्साइडचा पातळ थर आपोआप बसतो, म्हणून तो लोखंडासारखा गंजत जात नाही. प्लेटची एक बाजू मुद्दाम बारीक खरखरीत केलेली असते, तिच्यावर पेन्सिल छान उमटते.

टाकीवरची चाचणी

वहिनींचं म्हणणं होतं की लगेच प्लेटा आणून कामाला लागू. सरांनी अडवलं. एकदा मार्करवर विश्वास ठेवून हात पोळले आहेत, आता उन्हालाच विचारू, असं ते म्हणाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेला, एका पसरट कुंडीत सगळे नमुने एकत्र खोचले. प्रत्येकावर एकच शब्द, 'डाळिंब'. रोज बोअरचं पाणी वरून शिंपडायचं आणि दर रविवारी फोटो काढायचा.

आइस्क्रीमच्या काडीवरचा मार्कर मार्चअखेर दिसेनासा झाला. काडी स्वतः उन्हात टिकली, पण ओल्या मातीतलं टोक काळं पडून मऊ झालं. लॅमिनेटच्या कडा एप्रिलच्या उन्हात उकलल्या आणि पाणी आत शिरून कागदाला बुरशी आली. खापरीवरचा ऑईल पेंट आमच्या अंदाजापेक्षा लवकर गेला. भाजलेली माती पाणी शोषते, पाण्याबरोबर क्षार आत जातात आणि वाळताना पृष्ठभागावर येऊन रंगाला खालून ढकलतात. मेमध्ये रंगाचे पापुद्रे नखानं निघत होते. शहाबादीवरचा तोच रंग मात्र जागचा हलला नाही.

मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते पेन्सिलीचं. एकाच प्लास्टिकच्या पट्टीवर एका बाजूला मार्कर आणि दुसऱ्या बाजूला साधी टूबी पेन्सिल चालवली होती. मार्कर एप्रिलच्या मध्यात गेला. पेन्सिल जूनमध्येही वाचता येत होती, फक्त वर साचलेला पांढरा क्षार ओल्या फडक्यानं पुसावा लागला. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, कार्बनचंच रूप. उन्हानं तुटण्यासारखा रंग त्यात नाहीच.

थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्यावर, खाली जाड सोलापुरी चादरीची घडी ठेवून, रिकाम्या रिफिलनं दाबून लिहिलं होतं. अक्षरं सुंदर उठली आणि टिकलीही. पण हा पत्रा फारच पातळ, पाइपाचा धक्का लागला की वाकतो आणि कडा ब्लेडसारखी लागते. बागेत लहान मुलं येतात म्हणून तो सोडून दिला. ऑफसेट प्लेटची पट्टी चार महिन्यांनी पहिल्या दिवसासारखीच होती.

नंबर की नाव

पत्रा ठरला. त्यावर काय लिहायचं, यावर मात्र दोन रविवार गेले.

नाव कुठल्या भाषेत, इथून वाद सुरू झाला. आमच्या सहा घरांत मराठी, तेलुगू आणि कानडी तिन्ही बोलल्या जातात. एकीची अंबाडी, अक्कांचा गोंगुरा आणि शेजारच्या कानडी मावशींची पुंडी, ही एकाच वाफ्यातली एकच भाजी. तीन नावं एका पट्टीवर कशी बसवायची? आणि नाव चुकलं तर? सुरुवातीला 'गावठी गुलाब' म्हणून लावलेली दोन झाडं नंतर वेगळ्याच जातीची निघाली होती.

शेवटी सरांनी मांडलेली गोष्ट सगळ्यांना पटली. झाडावर न पुसणारा फक्त नंबर ठेवायचा आणि बाकी सगळं वहीत. नाव बदलेल, सुधारेल, तिन्ही भाषांत लिहिता येईल. नंबर तोच राहील. वनस्पती उद्यानांतही प्रत्येक झाडाला असा नोंदणी क्रमांक देऊन तो धातूच्या पट्टीवर ठोकतात. दुकानात मिळणाऱ्या नंबर पंचानं आकडे सहज ठोकता येतात, देवनागरी अक्षरांचे पंच मिळवणं आम्हाला जमण्यासारखं नव्हतं, हेही एक कारण झालं.

अक्कांना हे पहिल्यांदा रुचलं नाही. "झाडाला नंबर द्यायला ते काय तुरुंगात आहे?" असं त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं आम्ही बाजूला सारलं नाही, आणि ते बरं झालं. कारण नुसत्या नंबरावरून बागेत फिरायला आलेल्या माणसाला काहीच कळत नाही. म्हणून तडजोड अशी झाली की डाव्या अर्ध्या भागात नंबर ठोकायचा आणि उजव्या भागात पेन्सिलीनं नाव लिहायचं. नाव पुसलं तर पुन्हा लिहू, नंबर पुसणार नाही.

जमिनीतल्या मोठ्या झाडांना याच्या जोडीला शहाबादीचा तुकडा बुंध्याजवळ बसवून त्यावर ऑईल पेंटनं नाव काढलं, म्हणजे लांबून दिसतं. मेथी, टोमॅटो, वांगी अशा हंगामी पिकांना पत्रा द्यायचाच नाही असं ठरवलं. चार महिन्यांच्या पाहुण्याला दह्याच्या डब्याची पट्टी आणि पेन्सिल पुरते. कायमची झाडं मोजली तेव्हा दीडशे भरली.

पट्ट्या बनवताना

छापखान्यातून आलेल्या प्लेटांना शाई चिकटलेली असते. ती रॉकेलच्या बोळ्यानं पुसली आणि प्लेटा साबणानं धुतल्या. मग अडीच बाय नऊ सेंटीमीटरच्या पट्ट्या कापल्या. एक किलो पत्र्यातून अशा पाचशेच्या आसपास पट्ट्या निघतात. प्रत्येक पट्टीचे चारही कोपरे कात्रीनं उडवून कडा खरखरीत फरशीवर घासून घेतल्या. हे काम कंटाळवाणं आहे, तरी ते टाळू नये. पहिल्या दिवशी आम्ही ते टाळलं होतं आणि वहिनींच्या तळहाताला चिरा गेल्या.

ठोकण्याचं तंत्र अक्कांनी सगळ्यात आधी साधलं. त्यांच्या माहेरी मागाची दुरुस्ती घरातच चालायची, हातोडी त्यांना नवी नव्हती. त्यांनी बाभळीचा ठोकळा पायांमध्ये घेतला, पट्टी त्यावर चिकटपट्टीनं पक्की केली, पंच डाव्या हाताच्या तीन बोटांत सरळ उभा धरला आणि हातोडीचा एकच घाव घातला. दुसरा घाव नाही. दुसऱ्या घावाला पंच केसभर सरकतो आणि आकड्याला सावली येते. लोखंडी वजनावर ठेवून ठोकलं तर आकडा उथळ उठतो, मऊ लाकडावर ठोकलं तर पत्रा द्रोणासारखा वळतो. बाभळीच्या कठीण लाकडावर तो हवा तेवढाच खोल बसतो. पंचाचा टक् आवाज ऐकून घाव नीट बसला की नाही हे त्यांना न बघता कळायला लागलं होतं. दीडशेपैकी शंभरेक पट्ट्या त्यांनी एकट्यांनी ठोकल्या.

दोन चुका

पहिली चूक सहा आणि नऊची. नंबर पंचाच्या संचात इंग्रजी आकडे असतात आणि सहा-नऊसाठी एकच पंच येतो, उलटा धरला की झालं. आम्ही पट्टीच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली होती, म्हणजे कशीही लटकवता येईल. ८९ नंबर ठोकून लावायला गेलो, तर बागेत ८९ आधीच होता. तो ६८ होता, उलटा टांगलेला. १६ आणि ९१, १८ आणि ८१, ६६ आणि ९९, सगळ्यांना हाच धोका. जे टाळण्यासाठी खटाटोप चालला होता तेच पत्र्यावर पक्कं करून ठेवणार होतो. मग नियम केला: भोक एकच, आकड्याच्या आधी, आणि भोकापासून पुढे वाचायचं. आधीच्या पट्ट्यांचं उजवं टोक तिरकं कापून टाकलं.

दुसरी चूक तारेची. जुन्या वायरिंगमधली तांब्याची तार फुकट मिळाली म्हणून पट्ट्या तिनं बांधल्या. पावसाळा संपता संपता भोकांभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली आणि दोन पट्ट्या भोक फाटून गळून पडल्या. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आमच्या खारट पाण्यानं ते आणखी लवकर झालं. सगळ्या तारा काढून जस्ताचा मुलामा असलेली जी.आय. तार घातली. जस्त आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये असा तंटा फारसा होत नाही.

तार बांधताना बुंध्याला आवळायची नाही, हे माळीमामांनी शिकवलं. खोड जाड होत जातं आणि घट्ट तार त्यात रुतून झाडाचा गळा दाबते. आम्ही फांदीभोवती सैल कडं ठेवतो आणि दर पावसाळ्याआधी हात घालून बघतो. बादल्यांमध्ये तारेचा काटा करून मातीत खोचतो.

खर्च

पत्रा एक किलो १८० रुपये, नंबर पंच ३२०, जी.आय. तार ६०, जाड पुठ्ठ्याची वही ९०. एकूण ६५० रुपये, दीडशे लेबलांना सव्वाचार रुपयांच्या आसपास एक. पंच आणि वही आता आहेतच, पत्राही उरला आहे, त्यामुळे नवीन पट्टी रुपयाच्या आत पडते.

वहीबद्दल

नंबरावर सगळा भार टाकला की वही हरवणं म्हणजे बाग हरवणं. वही वहिनींकडे असते, आणि दर महिन्याला पानांचे फोटो काढून सहाही घरांच्या फोनमध्ये जातात. नंबर, तिन्ही भाषांतली नावं, कुठून आलं, कुणी आणलं, कधी लावलं, कुठे आहे. जागा बदलली की त्याच दिवशी नोंद करायची.

मेलेल्या झाडाचा नंबर पुन्हा वापरायचा का, यावर वहिनींचं आणि माझं जमलं नाही. पट्टी वाया जाते, असं त्यांचं म्हणणं. मी अडून बसले. ४४ नंबरचा मोगरा मेला आणि तिथे जास्वंद आली, तर दोन वर्षांनी वहीतल्या कुठल्या ४४ बद्दल बोलतोय हे कोण सांगणार? आता मेलेल्या झाडाची पट्टी काढून वहीच्या त्या पानाला टाचतो. मला हे अजूनही योग्य वाटतं.

वेगळं काय करता आलं असतं

बादल्या हलवण्याआधी चार फोटो काढले असते, तर पट्ट्या कोऱ्या झाल्या तरी काही बिघडलं नसतं. नावं गेल्याचं कळल्यावर, वाण नक्की नाही असं निदान अकरा बादल्यांवर लिहायला हवं होतं. ठाऊक नसलेल्या झाडाला 'भगवा' म्हणून द्यायला नको होतं. चाचणी पावसाळाभर चालवली असती तर तांब्याच्या तारेचा घोळ टाकीवरच लक्षात आला असता. आम्ही ती जूनमध्ये थांबवली, आणि नमुन्याच्या पट्टीला तारच लावलेली नव्हती. जशी वापरायची तशीच सगळी जोडणी करून तपासायला हवी होती.

अक्का त्या दोन आठवड्यांत बागेत आल्या नाहीत तेव्हा त्यांच्या घरी जायला मी उशीर केला. त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही, म्हणून इथे करते.

डाळिंबांचं काय झालं

उरलेल्या सातांपैकी एक मातीखालच्या अक्षरांनी आधीच ओळखू आली होती. तिचा नंबर १७. बाकी सहांपैकी पाच बादल्यांना २०२४ च्या मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फळं धरली. डिसेंबरमध्ये चारांवर केशरी-लाल रंग चढला. पाचवी, ११७ नंबरची, पिवळट राहिली. अक्कांनी फळ दगडावर आपटून फोडलं, फिके दाणे तळहातावर घेतले, चार दाणे चावले आणि बी दाताखाली कडकडलं तशा हसल्या. दुसरी सापडली. सहाव्या बादलीला पुढच्या वर्षी आंबे बहारात, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीच्या फुलोऱ्यात, फळ आलं, ते भगवाच.

म्हणजे तिसरी गुटी त्या चार घरांपैकी एका घरी गेली. दोन घरांनी लाल फळांचे फोटो पाठवले. तिसऱ्या घरी झाडाला तेल्या रोग लागला, पानांवर आणि खोडावर काळे डाग पडले, आणि फळ धरायच्या आधीच त्यांनी ते उपटून जाळलं. चौथ्या घरच्यांची बदली लातूरला झाली. जाताना त्यांनी बादली बरोबर नेली आणि आता ते झाड तिथल्या अंगणात जमिनीत आहे. अजून फुललेलं नाही.

पट्ट्यांनी आतापर्यंत एक उन्हाळा आणि दोन पावसाळे पाहिले. आकडे बोटानं चाचपूनसुद्धा वाचता येतात. पेन्सिलीची नावं वीसेक ठिकाणी पुन्हा लिहावी लागली.

यंदाच्या पावसाळ्यात १७ आणि ११७ वर प्रत्येकी दोन गुट्या बांधल्या. त्यांच्या पट्ट्या ठोकून झाल्यावर अक्कांनी आणखी एक पट्टी ठोकळ्यावर घेतली, १८७. ती कुरियरनं लातूरला गेली. वहीत तिची ओळ वहिनींनी पेन्सिलीनं लिहिली आहे: '१८७. डाळिंब. लातूर, अंगणात. वाण नक्की नाही. फळ आल्यावर लिहायचं.'